मायनस चारचा चष्मा आणि क्लास वन मेडिकल

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींनाही एनडीएच्या परीक्षेला बसू द्यावं असा आदेश दिला, तेव्हा मी मिरजेत बारावीला होते. मला विमान उडवायचंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आता दार उघडलं म्हणून पप्पांनी परीक्षेची जाहिरात छापून आणली, आणि मी सवयीने आधी शेवटची पानं काढली. तिथे वैद्यकीय निकष असतात. हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी एका डोळ्याला ६/६ (म्हणजे सहा मीटरवरून निरोगी डोळ्याइतकं दिसणं), दुसऱ्याला ६/९ (त्याहून थोडं कमी), आणि त्याच तक्त्यात एक ओळ: मायोपिया, शून्य. मायोपिया म्हणजे लांबचं न दिसणं, आपण ज्याला मायनस नंबर म्हणतो तो. माझा उजव्या डोळ्याचा नंबर तेव्हा उणे पावणेचार होता, डाव्याचा सव्वाचार.

लेझरने नंबर घालवून एनडीएला जाता येईल का, हाही विचार करून झाला. हवाई दल लेसिक, म्हणजे हे लेझरचं ऑपरेशन, चालवून घेतं, पण अटी कडक आहेत: ऑपरेशन वयाच्या २० व्या वर्षाआधी झालेलं नको, मूळ नंबर सहाच्या वर नको, डोळ्याच्या गोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरच्या आत हवी, नंतर उरलेली बुबुळाची जाडी किमान ४५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) हवी आणि मध्ये बारा महिने गेलेले हवेत. एनडीएत शिरण्याचं वय साडेएकोणीसला संपतं. म्हणजे विशीनंतरची अट पाळणाऱ्याला एनडीए मिळत नाही आणि एनडीएच्या वयात असलेल्याला लेसिक चालत नाही. लढाऊ विमानाचा रस्ता माझ्यासाठी तिथेच बंद झाला. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण नियम स्पष्ट होता आणि त्यामागचं कारणही कळत होतं.

मला राग आला तो त्यानंतरच्या बोलण्याचा. नातेवाईक, कॉलेजमधले सर, शेजारचे काका, सगळे एकाच सुरात म्हणाले, "चष्मा आहे ना? मग पायलट विसर." हे वाक्य सांगली-मिरजेतच नाही, महाराष्ट्रभर मुलांना ऐकवलं जातं. हवाई दलाचा निकष आणि प्रवासी विमानाच्या पायलटचा निकष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगणारं तेव्हा मला कोणी भेटलं नाही. म्हणून हा सगळा प्रवास लिहून काढतेय.

नागरी विमान वाहतुकीचे वैद्यकीय निकष आंतरराष्ट्रीय आहेत. आयकाओ नावाची संयुक्त राष्ट्रांची संस्था ते ठरवते आणि आपलं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्यावर आधारित नियम करतं. व्यावसायिक पायलटला जे क्लास वन मेडिकल लागतं, त्यात लांबच्या नजरेची अट अशी: प्रत्येक डोळ्याने वेगवेगळं ६/९ किंवा त्याहून चांगलं, दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६, चष्म्यासह किंवा चष्म्याविना. हे शेवटचे शब्द वाचून मी पान पुन्हा वाचलं. चष्मा काढल्यावर किती दिसायला हवं, यावर मर्यादाच नाही. अट इतकीच की चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालूनच उडायचं आणि एक जादा चष्मा हाताशी ठेवायचा. जवळचं वाचण्याची अट वेगळी आहे, ३० ते ५० सेंटिमीटरवरून एन५ हा बारीक टाइप वाचता यायला हवा. माझ्या वयात त्याची चिंता नव्हती. ती चाळिशीनंतरच्या कॅप्टन लोकांची.

नियमात आणखी एक कलम होतं. चष्म्याविना ६/६० पेक्षा कमी दिसत असेल, तर पहिल्या मेडिकलआधी नेत्रतज्ज्ञाचा पूर्ण अहवाल द्यायचा आणि पुढे दर पाच वर्षांनी. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून दिसतं, ते आपल्याला सहा मीटरवर यावं लागून दिसणं. भिंतीवरच्या तक्त्यातलं सगळ्यात वरचं मोठं अक्षर. चष्मा काढला की मला तेही धुरकट दिसतं. म्हणजे हे कलम माझ्यासाठीच होतं.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे डोळ्याच्या डॉक्टरांसाठी लांब जावं लागलं नाही. मी नुसता नंबर काढायला आले नाही, पायलटच्या मेडिकलची तयारी करायची आहे, असं सांगितल्यावर डॉक्टर मॅडमनी संपूर्ण सकाळ दिली. आधी नंबर, मग हवेचा फुगारा मारून डोळ्याचा दाब. मग बुबुळाचा नकाशा: कॉर्निया कुठे किती जाड, कुठे किती गोल, ते रंगीत चित्रात दिसतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी या तपासणीआधी काही दिवस लेन्स बंद ठेवायच्या असतात, नाहीतर आकार चुकीचा येतो. कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणारा केराटोकोनस नावाचा आजार या नकाशात लवकर पकडता येतो. नंबर दरवर्षी वाढणाऱ्या मुलांनी हा नकाशा एकदा तरी काढावा, पायलट व्हायचं असो वा नसो. मग बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून डोळ्याच्या आतल्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, तपासणी. शेवटी डोळ्याच्या गोळ्याची लांबी.

ती लांबी समजून घेणं मला महत्त्वाचं वाटलं. सर्वसाधारण डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटरचा असतो. मायनस नंबरचा डोळा त्याहून लांबट. एका मिलिमीटरला ढोबळमानाने अडीच-तीन नंबर. गोळा ताणला की आतला पडदाही ताणला जातो आणि कडेला विरळ होतो. चष्मा किंवा लेझर प्रकाश नीट पडद्यावर पाडतात, ताणलेला पडदा मात्र ताणलेलाच राहतो. जास्त मायनस असलेल्याची मेडिकलमध्ये पडद्याची बारकाईने तपासणी का करतात, ते तेव्हा कळलं. नंबर घालवला म्हणजे डोळा 'नॉर्मल' झाला, असं होत नाही.

आणि तरीही सगळे लेझरच्याच मागे होते. विमान प्रशिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एकाने तर फोनवर, माझा नंबर काय आहे हेही न विचारता, "आधी लेसिक करून घे मग बोलू" असं सांगितलं. मी मॅडमना विचारलं. त्यांनी कागदावर कॉर्नियाचं चित्र काढून समजावलं. कॉर्निया मधोमध साधारण ५४० मायक्रॉन जाड. लेसिकमध्ये शंभर-एक मायक्रॉनची पातळ झडप उघडतात, खालचा भाग लेझरने घडवतात आणि झडप परत बसवतात. एका नंबरमागे साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन जातात. पीआरके या दुसऱ्या पद्धतीत झडप नसते, वरची त्वचा खरवडून लेझर मारतात. बरं व्हायला जास्त दिवस लागतात, दुखतंही जास्त, पण पुढे झडप हलण्याची भीती नसते. स्माइल या तिसऱ्या पद्धतीत छोट्या छेदातून आतली चकती बाहेर काढतात. माझ्या कॉर्नियाची जाडी यातल्या कशालाही पुरेशी होती.

मग मी विचारलं, की पायलटला याचा तोटा काय? त्या म्हणाल्या, "काही जणांना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. बहुतेकांची काही महिन्यांत जातात, काहींची राहतात. डोळे कोरडे पडतात. इमारतीत बसून काम करणाऱ्याला ते चालून जातं. तू रात्री दिव्यांकडे बघत विमान उतरवणार आहेस आणि कोरड्या हवेत तासन्‌तास बसणार आहेस." प्रवासी विमानात उंचीवर हवेतला दमटपणा बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली असतो. सांगलीच्या उन्हाळ्यातसुद्धा इतकी कोरडी हवा क्वचितच. दुसरा मुद्दा वयाचा. माझा नंबर अजून थोडा थोडा वाढत होता. लेझर करायचं तर नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. वाढत्या नंबरवर केलं तर पुन्हा चष्मा येऊ शकतो आणि कॉर्निया तर एकदा खर्ची पडलेला असतो.

शेवटचा मुद्दा त्यांनी नाही, मी मांडला. नियम जर चष्म्याला नाही म्हणत नाही, तर चांगला, निरोगी कॉर्निया मी मेडिकलसाठी का कापून घ्यायचा? मेडिकलसाठी म्हणून केलेल्या ऑपरेशनचेच कागद पुढे मेडिकलमध्ये दाखवावे लागतात, मूळ नंबर, ऑपरेशनचा प्रकार, बरं होण्याचा काळ, सगळ्यासकट. काही मुलं ते लपवतात. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, झडपेची कड दिसते आणि नकाशात तर सपाट झालेला मध्यभाग लगेच उठून दिसतो. मी ठरवलं, चष्मा ठेवायचा. चष्मा नको म्हणून, स्वतःच्या सोयीसाठी कोणी लेझर केलं तर माझं काही म्हणणं नाही. माझ्या ओळखीत लेझर करून उत्तम उडणारे पायलट आहेत. फक्त ते क्लास वनसाठी 'लागतं' म्हणून करू नये. ते लागत नाही.

माझा मावसभाऊ माझ्याच वयाचा. त्यालाही पायलट व्हायचं होतं, माझ्याआधीपासून. त्याला चष्मा नाही. नजर अशी की एसटीचा बोर्ड आमच्या कुणाच्याही आधी तो वाचायचा. घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की हा होणार आणि मी नाही. त्याच्या वडिलांनी एका प्रशिक्षण संस्थेत जागा धरायला पैसेही भरले होते. मेडिकल नंतर बघू, पोराची नजर उत्तम आहे, असं त्यांना तिथल्या माणसांनी सांगितलं होतं.

आम्ही दोघं क्लास टूसाठी पुण्याला एकत्र गेलो. क्लास टू म्हणजे पहिली पायरी. डीजीसीएने नेमलेले डॉक्टर ती करतात आणि स्टुडंट पायलट लायसन्सला ती पुरते. ऑनलाइन नोंदणी, ओळखपत्रं, रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कान, यात फारसं सांगण्यासारखं नाही. डोळ्यांच्या खोलीत मी आधी गेले. तक्ता वाचला, चष्म्यासह दोन्ही डोळे ६/६. मग डॉक्टरांनी खिडकीजवळ बसवून ठिपक्यांची पुस्तिका उघडली.

ही इशिहाराची पुस्तिका. टोकियो विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली पहिल्यांदा छापली आणि आजही जगभर तीच वापरतात. रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळात ठिपक्यांचाच आकडा लपवलेला असतो. ठिपके लहान-मोठे, फिके-गडद मुद्दाम मिसळलेले, म्हणजे उजळपणावरून आकडा ओळखता येऊ नये, फक्त रंगावरूनच यावा. पुस्तिका हातभर अंतरावर धरायची, प्रत्येक पानाला तीन-चार सेकंद, आणि उजेड दिवसाचा किंवा तसाच पांढरा. पिवळ्या बल्बखाली ही चाचणी खोटं सांगते. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो, रंगांधळ्यालाही. पुढच्या पानावर मला ८ दिसला, मग २९, मग ७४. झरझर झालं.

मग तो आत गेला. मी दाराबाहेर होते, आवाज येत होता. १२. मग थोडं थांबून ३. मग ७०. मग २१. मला आत्ताच पाठ झाल्यासारखे आकडे डोक्यात होते, त्यामुळे काय चाललंय ते त्याच्याआधी मला कळलं. आठच्या जागी तीन, एकोणतीसच्या जागी सत्तर, चौऱ्याहत्तरच्या जागी एकवीस. लाल-हिरव्यात गफलत असणाऱ्यांना नेमके हेच आकडे दिसतात. पुस्तिका तशीच रचलेली आहे. पुढच्या काही पानांवर त्याला काहीच दिसलं नाही. त्याला आपलं काही चुकलंय याची कल्पनासुद्धा नव्हती. बाहेर येऊन म्हणाला, "सोपं होतं की."

त्याला पुढे लँटर्न टेस्टसाठी पाठवलं. अंधाऱ्या खोलीत काही मीटरवर एक पेटी, तिच्या बारीक छिद्रांतून लाल, हिरवे, पांढरे दिवे दाखवतात आणि लगेच रंग सांगायचा. पुस्तिकेत अडलेल्या कुणाकुणाला यात यश येतं. आयकाओचे नियमही तेवढी जागा ठेवतात: हवाई दिव्यांचे रंग बिनचूक ओळखता आले तर पुढे जाता येतं. त्याने पांढऱ्याला हिरवा म्हटलं आणि हिरव्याला पांढरा. क्लास वनचा रस्ता बंद.

मावशी खूप रडली. तिला वाटत होतं, काहीतरी औषध असेल, ऑपरेशन असेल, माझ्या नंबरला जसा चष्मा तसा त्याच्या रंगांना. जन्मजात रंगदोषाला तसा उपाय नाही. रंगीत काचांचे चष्मे विकले जातात, पण ते ठिपक्यांमधला फरक वाढवून दाखवतात, डोळ्यातल्या पेशी बदलत नाहीत, आणि मेडिकलला चालत नाहीत. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. आईकडून मुलाकडे, आणि आईला स्वतःला काहीच जाणवत नाही. आम्ही मागे जाऊन विचार केला तेव्हा आजोबा आठवले, आईचे वडील. गडहिंग्लजकडे त्यांचं मिरचीचं रान होतं. तोडणीला बसले की ते पिकलेल्या लाल मिरचीबरोबर कच्ची हिरवीही तोडायचे आणि आजीची बोलणी खायचे. सगळे म्हणायचे, लक्ष नसतं त्यांचं. लक्ष होतं. त्यांना फरकच दिसत नव्हता. बापाला हा दोष असला की त्याच्या प्रत्येक मुलीकडे तो गुप्तपणे जातोच, म्हणजे मावशीकडे गेला तसा माझ्या आईकडेही. मी मुलगी, आणि पप्पांकडून आलेलं दुसरं गुणसूत्र निरोगी, म्हणून मला सगळे रंग दिसतात.

रंग इतके का महत्त्वाचे, हे उडायला लागल्यावर पुरतं कळलं. विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा, उजव्याला हिरवा, मागे पांढरा. रात्री समोरचं विमान आपल्याकडे येतंय की आपल्यापासून दूर जातंय, हे यावरून कळतं. टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्याच्या, मधल्या दिव्यांचा रंग हिरवा, कडेच्या दिव्यांचा निळा. रेडिओ बंद पडला तर कंट्रोल टॉवर दिव्याने बोलतो: स्थिर हिरवा, उतर, स्थिर लाल, वाट दे आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल, विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नको. आणि धावपट्टीच्या बाजूला पापी नावाचे चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतार बरोबर. चारही लाल म्हणजे आपण फार खाली आहोत.

या चार दिव्यांवरून झालेला एक अपघात मला तोंडपाठ आहे. २६ जुलै २००२, अमेरिकेतलं टालाहासी. फेडएक्सचं मालवाहू बोइंग ७२७ पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडेच झाडांत कोसळलं. तिघंही कर्मचारी वाचले, पण गंभीर जखमी झाले. तपासात निघालं की विमान उतरवणाऱ्या फर्स्ट ऑफिसरला लाल-हिरव्याचा तीव्र दोष होता आणि पापीचे दिवे ओळखण्यात त्याची अडचण झाली. थकवा आणि इतर कारणंही होती, पण अहवालात रंगदृष्टीचा उल्लेख स्पष्ट आहे. त्याला खास सूट देऊन मेडिकल मिळालेलं होतं. भावाला मी हा अहवाल पाठवला नाही. त्याने तो स्वतःच शोधून वाचला आणि म्हणाला, "नियम बरोबर आहे." ते म्हणायला त्याला किती लागलं असेल, हे मला माहीत आहे. संस्थेने भरलेले पैसे परत केले नाहीत. तो आता पुण्यात इंजिनिअरिंग करतोय, आणि माझ्यापेक्षा विमानांबद्दल जास्त वाचतो.

क्लास वनसाठी मी बंगळुरूला गेले. पहिली क्लास वन तपासणी ठराविक केंद्रांवरच होते, आणि हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन हे त्यांतलं जुनं, मोठं नाव. मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्सप्रेस रात्रभरात तिथे पोचवते. मिरजेच्या मॅडमचा अहवाल, जुन्या चष्म्याच्या चिठ्ठ्या आणि दोन चष्मे, सगळं फायलीत होतं. जुन्या चिठ्ठ्यांचा उपयोग झाला. नंबर आता थांबतोय हे तारखांसकट दाखवता आलं.

इथे डोळ्यांची तपासणी क्लास टूपेक्षा खोल होती. दोन्ही डोळे एकमेकांशी किती जुळवून घेतात हे मॅडॉक्स रॉडने बघितलं: एका डोळ्यापुढे लाल काच धरतात, तिच्यातून दिवा रेघेसारखा दिसतो, दुसऱ्या डोळ्याला तो दिवाच दिसतो, आणि रेघ दिव्यावरून जाते की बाजूने हे सांगायचं. मग नाकाकडे येणारी खूण कुठपर्यंत एकच दिसते ते मोजलं. बाजूचं किती दिसतं ते बघितलं. पुन्हा थेंब, पुन्हा पडदा. या वेळी डॉक्टरांनी कडेकडेने बराच वेळ बघितलं आणि डाव्या डोळ्यात लॅटिस आहे असं सांगितलं. पडद्याच्या कडेला जाळीसारखा विरलेला पट्टा. मायनसवाल्यांत तो बऱ्याचदा सापडतो. भोक पडलं नसेल आणि त्रास नसेल तर सहसा नुसती नजर ठेवतात, पण ते भोक नाही हे पडद्याच्या तज्ज्ञाने लिहून द्यायला हवं होतं.

तो अहवाल हातात येईपर्यंतचे दिवस मला जड गेले. पडद्याच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या कडेवर बाहेरून दाबून आतलं बघितलं. सुखाचं नसतं, पण दुखतही नाही. त्यांनी लिहिलं: छिद्र नाही, लेझरची गरज नाही, वर्षातून एकदा तपासणी. आणि मला तोंडी समजावलं, की डोळ्यात अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस दिसला किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी नाही. मायनस नंबरच्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, म्हणून इथे लिहितेय.

अहवाल जोडला आणि काही काळाने डीजीसीएचा निर्णय आला: क्लास वन फिट. खाली अट, चष्मा लावूनच उड्डाण करावं आणि जादा चष्मा सोबत ठेवावा. पप्पांनी तो कागद आईला मोठ्याने वाचून दाखवला.

प्रशिक्षण मी गोंदियाजवळ, बिरसीला केलं. चष्म्याबद्दल तिथे शिकलेलं बरंच काही कुठल्या फॉर्मवर नसतं. हेडसेट कानावर घट्ट बसतो. काडी जाड असेल तर दोन तासांनी कानामागे ठणका लागतो आणि फटीतून आवाज शिरतो तो वेगळाच. काडी पातळ, लवचिक घ्यावी. काच हाय इंडेक्सची, म्हणजे पातळ, घेतली की कडेचं चित्र कमी वाकडं होतं. पोलराइज्ड गॉगल अजिबात नको. त्यातून कॉकपिटचे स्क्रीन डोकं तिरकं केलं की काळवंडतात आणि कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर, इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचाही तिथे नीट काळ्या होत नाहीत, कारण विमानाच्या काचा अतिनील किरण बरेच अडवतात. मी नंबरचा साधा राखाडी गॉगल वेगळा करून घेतला. राखाडीच, कारण तो रंगांचं संतुलन फारसं बिघडवत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स नियमाला चालतात, पण एकाच अंतरासाठीच्या आणि बिनरंगी. एका डोळ्यात लांबची, दुसऱ्यात जवळची अशी सोय काही मोठी माणसं करून घेतात, ती पायलटला नाही. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर डेल्टाचं एमडी-८८ धावपट्टीआधीच्या दिव्यांना धडकलं, त्यामागे कॅप्टनच्या अशाच लेन्स होत्या. खाली पाणी, वर धूसर हवा, आणि दोन डोळे दोन अंतरांवर. उंचीचा अंदाजच चुकला.

आणि एक गोष्ट ६/६ वाल्यांनाही लागू. निरभ्र, कोऱ्या आकाशाकडे बघताना डोळ्याला धरायला काही नसतं, आणि तो आपसूक मीटर-दोन मीटरवर फोकस करून बसतो. तेवढ्यापुरता प्रत्येक जण माझ्यासारखा मायनसवाला होतो, आणि लांबचं विमान दिसत नाही. म्हणून आधी पंखाच्या टोकाकडे किंवा क्षितिजावरच्या कशाकडे तरी बघायचं आणि मग आकाश तुकड्यातुकड्याने, प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबून तपासायचं. माझे प्रशिक्षक म्हणायचे, चष्मेवाल्यांना हे लवकर जमतं. आम्हाला लहानपणापासून नीट बघायचं तर कष्ट घ्यावे लागतात.

क्लास वन चाळिशीपर्यंत दर वर्षी नवं करावं लागतं. मी आधी मिरजेत पडदा बघून घेते, तो कागद घेऊनच जाते. लॅटिस आहे तसाच आहे. नंबर गेल्या खेपेला पावाने बदलला, तेव्हा दोन्ही चष्मे बदलले. जादा चष्मा जुन्या नंबरचा ठेवून भागत नाही.

गावाकडून आता मला फोन येतात. परवा इस्लामपूरहून एका मुलीच्या वडिलांचा आला. मुलगी दहावीत, नंबर उणे अडीच, लेसिकला किती खर्च येतो आणि कुठे करावं? मी त्यांना विचारलं, ठिपक्यांची पुस्तिका दाखवलीय का? त्यांनी नावही ऐकलं नव्हतं. कुठल्याही डोळ्याच्या दवाखान्यात पाच मिनिटांत होते, खर्च जवळजवळ नाही, आणि लाखो रुपयांच्या फीचा निर्णय त्या पाच मिनिटांवर आहे, असं मी सांगितलं. आधी ती. मग पडदा. मग बारावीला फिजिक्स-मॅथ्स नीट ठेवायचे, अठरा पूर्ण होत आले की क्लास टू आणि क्लास वन, आणि फिटचा कागद हातात आल्याशिवाय कुठल्याही संस्थेत एक रुपया भरायचा नाही. लेझरचं नाव तोवर काढायचं नाही. ते म्हणाले, शनिवारी नेतो तिला.